काड्या कोरड्या ठेवता, पट्टीचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कुठे पूर आला, वादळ आलं, भूकंप झाला की पेपरात आणि मोबाईलवर आपत्कालीन किटच्या याद्या फिरायला लागतात. टॉर्च, पाणी, औषधं, शिट्टी, दोरी, आणि मग कुठेतरी शेवटी एक शब्द, काडेपेटी. बास, पुढे काही नाही. कोणती घ्यायची, कशात ठेवायची, ओली झाली तर काय करायचं, कुणीच लिहीत नाही, जणू काडेपेटी पिशवीत टाकली की विस्तव तयारच आहे. मी बरीच वर्षं ट्रेक आणि कॅम्प करतोय, नवीन मुलामुलींना शेकोटी लावायला शिकवतो, आणि त्या अनुभवावरून हे पत्र लिहितोय, थोडं लांबलंय पण शक्य झालं तर पूर्ण छापा ही विनंती.

माझं मुख्य म्हणणं एकच आहे. लोक काड्या जपतात आणि पट्टी विसरतात. काड्यांना मेण लावतील, काड्या प्लास्टिकमध्ये गुंडाळतील, पण पेटीच्या बाजूला जी तपकिरी खरखरीत पट्टी असते ती तशीच उघडी, पिशवीत घासत, घामाने भिजत राहते. आणि आपण जी रोजची काडेपेटी वापरतो, सेफ्टी मॅच म्हणतात ती, तिच्यात आग पेटवायचा मसाला अर्धा काडीवर असतो आणि अर्धा त्या पट्टीवर. काडीच्या गुलात मुख्यतः पोटॅशियम क्लोरेट, थोडं गंधक, काचेची पूड आणि हे सगळं धरून ठेवणारा सरस. पट्टीवर लाल फॉस्फरस, परत काचेची पूड आणि चिकटवण. काडी घासली की त्या घर्षणाच्या उष्णतेने पट्टीवरच्या लाल फॉस्फरसचा अगदी जरासा भाग पांढऱ्या फॉस्फरसमध्ये बदलतो, तो हवा लागताच पेटतो, त्याने गुलातलं क्लोरेट तापून ऑक्सिजन सोडतं आणि मग गंधक भडकतं. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं म्हणून आपल्याला वाटतं काडीच पेटली. पण पट्टी नसेल तर तीच काडी दगडावर, कपड्यावर, बुटावर कितीही घासा, गुल झिजून जाईल आणि हातात नुसतं लाकूड राहील.

हे असं दोन ठिकाणी विभागलंय त्याला कारण आहे. पहिली घासून पेटणारी काडी इंग्लंडच्या जॉन वॉकर या केमिस्टने 1827 मध्ये विकायला काढली, तिच्यात फॉस्फरस नव्हताच, सँडपेपरच्या घडीतून ओढून पेटवायची. नंतर गुलातच पांढरा फॉस्फरस घालायला लागले, त्या काड्या झटकन पेटायच्या, पण तो विषारी, कारखान्यात काम करणाऱ्यांच्या जबड्याची हाडं कुजायची. लंडनमध्ये 1888 साली काडेपेटीच्या कारखान्यातल्या मुलींनी संप केला तेव्हा हा प्रश्न जगापुढे आला, आणि 1906 च्या बर्न करारात पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घालायचं अनेक देशांनी मान्य केलं. त्याच्या आधीच, 1844 मध्ये, स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाश यांनी फॉस्फरस काडीवरून काढून पट्टीवर नेण्याची कल्पना पेटंट केली होती आणि पुढे लुंडस्ट्रॉम बंधूंनी ती धंद्यात उतरवली. म्हणजे आपली काडी खिशात आपोआप पेटत नाही ती या पट्टीमुळे, आणि पट्टी गेली की पेटत नाही तीही याच पट्टीमुळे. दोन्ही गोष्टी एकत्रच येतात, एक घेऊन दुसरी नको म्हणता येत नाही.

एका कॅम्पला रात्रभर पाऊस होता, पहाटे सगळे गारठलेले, आणि एका मुलाने बॅगेतून काडेपेटी काढली. काड्या आतल्या ट्रेमध्ये होत्या त्यामुळे बऱ्यापैकी कोरड्या, गुल कडक, हात लावला तर टणक लागत होते. त्याने पहिली काडी पट्टीवर ओढली तर पट्टीवरचा थरच सरकला, ओल्या चिखलासारखा, आणि काडीच्या टोकावर तपकिरी लगदा जमा झाला, खाली पांढरट पुठ्ठा दिसायला लागला. त्याने घाईत दुसरी काडी त्याच जागी, तिसरी काडी जरा जोर लावून, आणि बघता बघता पट्टीचा मधला भाग साफ. काड्या अजून भरपूर शिल्लक होत्या आणि त्यांचा काही उपयोग नव्हता. नशिबाने दुसऱ्याकडे सुटी पट्टी होती म्हणून भागलं. तेव्हा ज्यांची पट्टी ओली झालीय त्यांना कळकळीने सांगतो, ओली असताना तिच्यावर काडी घासूच नका. ती तशीच, बोट न लावता, अंगाजवळ कोरड्या कपड्यात किंवा उन्हात वाळू द्या, थर जागेवर असेल तर वाळल्यावर पुष्कळदा परत कामाला येते. एकदा थर पुसला गेला की मग काहीच उरत नाही.

आता ठेवायचं कसं ते सांगतो. आट्याचं झाकण असलेली आणि झाकणात रबरी रिंग असलेली छोटी प्लास्टिकची डबी घ्या, गोळ्यांची रिकामी डबी पण चालते. डबी काडीपेक्षा उंच हवी, लोक डबीत बसावं म्हणून काड्या कापून आखूड करतात ते मला अजिबात पटत नाही, साधी काडी मुळात चार-पाच सेंटीमीटरची, तिच्यातली निम्मी कापली तर पेटल्यावर हातात वेळ किती उरणार. डबीच्या तळाला कापूस, त्यावर काड्या गुल खाली करून. गुल खाली अशासाठी की ओल्या बोटांनी काडी काढताना बोटं लाकडाच्या शेपटाला लागतात, गुलाला लागत नाहीत. वर परत कापूस दाबून भरायचा म्हणजे काड्या आत खुळखुळत नाहीत, खुळखुळल्या की गुलाचे कण झडतात. तोच कापूस नंतर आग धरायला पण उपयोगी पडतो.

पट्टी वेगळी. जुन्या पेटीची पट्टी पुठ्ठ्यासकट कापून घ्यायची, नुसती पातळ पट्टी ओल्या हातात वाकते म्हणून ती आधीच लाकडाच्या चपट्या चिपेवर किंवा जाड पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवली तर घासायला नीट आधार मिळतो. मग ती प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळायची आणि मगच डबीत घालायची. गुंडाळायचीच, कारण गुलाचा झडलेला चुरा आणि पट्टीवरचा फॉस्फरस हे दोन एकमेकांवर घासले जाणं चांगलं नाही, बंद डबीत तर नाहीच, ते मिश्रण फार नाजूक असतं आणि थोड्याशा घासण्यानेही भडकू शकतं. काही लोक पट्टी झाकणाच्या आतल्या बाजूला उघडी चिकटवतात, दिसायला छान दिसतं, पण झाकण फिरवताना खाली कोरड्या काड्या असतात हे लक्षात घ्या. आणि पट्ट्या कमीत कमी दोन ठेवा, कारण पट्टी झिजते, कोरड्या हवेत सुद्धा झिजते, काड्या संपायच्या आधी पट्टी संपलेली मी पुष्कळ पेट्यांमध्ये बघितलीय.

डबी भरायची ती कोरड्या हवेच्या दिवशी. दमट हवेत भरून झाकण घट्ट लावलं तर दमटपणा आत कोंडला जातो आणि रात्री गारवा पडला की आतल्या बाजूला तेच पाणी होऊन बसतं, मग लोक म्हणतात डबी गळकी होती. सिलिका जेलची छोटी पुडी टाकली तर बरं, नवीन बूट, औषधं, कॅमेरा यांच्याबरोबर येते ती फेकून देऊ नका. पण ती कायमची नसते, ओलावा शोषून शोषून भरली की तिचं काम संपलं, मग मंद आचेवर वाळवून घ्यायची किंवा बदलायची.

नुसत्या झिपवाल्या पिशव्यांवर माझा भरवसा नाही. काडेपेटीचा कोपरा टोकदार असतो, बॅगेत दाबला गेला की पिशवीला बारीक भोक पडतं जे डोळ्यांना दिसत नाही पण पाण्याला दिसतं. डबी पिशवीत ठेवा, पेटी सरळ पिशवीत नको.

काड्यांना मेण लावायचं की नाही यावर खूप जण विचारतात. लावता येतं, वितळलेल्या मेणात गुल आणि खाली थोडी काडी बुडवून काढायची, मेण वितळवताना भांडं सरळ आचेवर न ठेवता गरम पाण्यात ठेवून वितळवायचं, मेण जास्त तापलं तर स्वतःच पेट घेतं. अचानक पाण्यात पडल्या तर अशा काड्या टिकतात हे खरं. पण घासायच्या आधी गुलावरचं मेण नखाने खरवडून काढावं लागतं, नाही काढलं तर ते पट्टीवर फासलं जातं आणि पट्टी गुळगुळीत होऊन बसते, म्हणजे काडी वाचवायच्या नादात परत पट्टीच गेली. शिवाय गारठलेल्या बोटांनी मेण खरवडताना गुलच उडून जातो. नेलपॉलिश लावणारेही आहेत, त्याचा थर कडक होतो आणि जाड लागला तर काडी पेटायला त्रास देते. माझं मत विचाराल तर चांगली डबी हजार पटीने बरी, मेण हे डबी नसलेल्याचं काम. आणि मेण लावलेल्या काड्या उन्हातल्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ होऊन सगळ्या काड्यांचा एक गठ्ठा होतो.

बाजारात स्टॉर्म मॅच नावाच्या जाड काड्या मिळतात, त्यांचा मसाला अर्ध्या काडीपर्यंत असतो, वाऱ्यात विझत नाहीत, पेटलेली काडी क्षणभर पाण्यात बुडवली तरी परत भडकते कारण ऑक्सिजन तिच्या मसाल्यातच असतो. उत्तम वस्तू आहे, इमर्जन्सीसाठी जरूर ठेवा, मात्र तिलाही पट्टी लागतेच आणि तिच्याबरोबर येणारी पट्टी छोटीशी असते! तिच्यातून जळते कण उडतात, तेव्हा नायलॉनचं जॅकेट आणि तंबूपासून लांब धरा. कुठेही घासून पेटणाऱ्या काड्या वेगळ्या, त्यांच्या टोकावरच फॉस्फरसचा एक संयुग असतो, त्यांना ती पट्टी लागत नाही, पण खरखरीत आणि कोरडी जागा लागते आणि मुसळधार पावसात कोरडी जागा शोधून दाखवा. त्या एकमेकींवर घासूनही पेटू शकतात म्हणून विमानात त्यांना पूर्ण बंदी आहे. साध्या सेफ्टी मॅचची सुद्धा चेक-इन बॅगेत परवानगी नसते, अंगावर एखादी छोटी पेटी चालते की नाही ते देशावर आणि एअरलाइनवर आहे, तेव्हा विमानाने जाऊन ट्रेक करणाऱ्यांनी काडेपेटी तिकडे पोचल्यावर घ्यावी हे सोपं. पुठ्ठ्याच्या पुस्तकासारख्या पाकिटातल्या चपट्या काड्या मात्र बाहेर नेऊ नका, त्या हाताच्या घामानेही मऊ पडतात.

यावर कुणीतरी म्हणणार, कशाला एवढा खटाटोप, लायटर ठेवा. ठेवाच की, मी पण ठेवतो, आणि पहिला हात लायटरलाच जातो. पण लायटरमधला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचा थांबतो, कडाक्याच्या थंडीत लायटर खिशात उबवल्याशिवाय चालत नाही. बॅगेत दाबला गेला की बटण दाबलं जाऊन गॅस निघून जातो आणि ते कळतही नाही. चाक ओलं झालं की ठिणगी नाही. फेरो रॉड, म्हणजे घासून ठिणग्या पाडायची कांडी, ती पाण्यात पडली तरी पुसून चालते आणि वर्षानुवर्षं टिकते, पण तिच्या ठिणग्यांवर आग धरायला सवय लागते आणि पेटवण अगदी भुसभुशीत लागते. काडीचं बळ असं की ती तयार ज्योत देते, कुणालाही, लहानपणापासून प्रत्येकाने काडी ओढलेली असते. म्हणून तीन गोष्टी तीन ठिकाणी, एक खिशात, एक बॅगेत, एक दुसऱ्या माणसाकडे, कारण बॅगच वाहून गेली तर?

आता काडी ओढायची कशी, हेही सांगायला लागतं कारण आजकाल घरी शेगडीला लायटर किंवा बटण असतं आणि मुलांना काडीची सवयच राहिलेली नाही. शेपटाला दोन बोटांत धरून झटका देतात आणि काडी मधूनच मोडते. काडी मधोमध धरा, मधलं बोट गुलाच्या अगदी मागे आधाराला टेकवा, पट्टीवर अंगापासून बाहेरच्या बाजूला एकाच दमात ओढा आणि पेटताक्षणी ते बोट मागे घ्या. पट्टीवर दरवेळी वेगळी जागा वापरा. पेटल्यावर पहिला भडका गुलाचा असतो, तो लाकडात उतरेपर्यंत काडी हलवू नका, टोक किंचित खाली झुकवा म्हणजे ज्योत काडीवर चढते. टोक वर धरलं तर ज्योतीला खायला काही मिळत नाही आणि विझते. दोन्ही हातांची ओंजळ करून पाठ वाऱ्याकडे करा. जोराच्या वाऱ्यात दोन काड्या एकत्र धरून ओढल्या तर पहिला भडका मोठा मिळतो, पण हे आधी करू नका, काड्या मोजक्या असतात. एक काडी काढली की डबीचं झाकण लगेच बंद, ही सवय लावून घ्या, पावसात डबी उघडी ठेवून काडी पेटवणारे मी खूप बघतो.

आणि काडी डबीतून बाहेर काढायच्या आधी बाकीची सगळी तयारी झालेली पाहिजे, सगळी म्हणजे सगळी. इथेच बहुतेक जण फसतात आणि काड्यांना नावं ठेवतात. काडी हातात दहा-पंधरा सेकंद जळते, वाऱ्यात त्याहून कमी, तेवढ्या वेळात अंगठ्याएवढं लाकूड पेटणं शक्यच नाही. मग त्या काडीने काय पेटवायचं? मेणबत्ती. ही गोष्ट माझ्या मते पट्टीच्या खालोखाल महत्त्वाची. किटमध्ये मेणबत्तीचा एक बुटका तुकडा ठेवा. काडीने मेणबत्ती पेटवली की तुमच्याकडे सेकंदांच्या जागी चांगला अर्धा तास आला, ती रचलेल्या काटक्यांच्या खाली सरकवा, तिच्या धगीने वरच्या ओलसर काटक्या आधी वाळतात, मग धुमसतात, मग पेटतात, आणि जमलं तर मेणबत्ती परत काढून विझवून ठेवता येते. एका काडीत काम होतं, आणि काडी वाचली की पट्टी पण वाचली.

दुसरी वस्तू म्हणजे पेट्रोलियम जेली चोळलेला कापूस. कापसाच्या बोळ्यात जेली नीट मुरवायची, पण अगदी थबथबीत नको, मधे थोडे कोरडे तंतू राहू द्यायचे. वापरताना बोळा बोटांनी पिंजून मोकळा करायचा म्हणजे ते तंतू काडी लागताक्षणी पेट घेतात आणि जेली मागून सावकाश जळत राहते, काही मिनिटं सहज. पाणी तिच्यात शिरत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पावसातही जळतो, धूर काळा आणि घाण असतो, तो अगदी नाइलाज झाला तरच.

लाकडाचं म्हणाल तर जमिनीवर पडलेलं लाकूड दिसायला वाळकं असलं तरी खालून पाणी प्यालेलं असतं, झाडाला अडकून राहिलेली किंवा उभीच वाळलेली फांदी शोधा, मोडताना कट्ट आवाज आला तर ती कोरडी, नुसती वाकली तर सोडा. बाहेरून भिजलेली फांदी उभी चिरली तर आतला गाभा बऱ्याचदा कोरडा मिळतो, चाकूने त्याच्या पातळ कुरळ्या ढलप्या काढायच्या, पूर्ण न तोडता त्या लाकडालाच लटकत ठेवल्या तर आणखी छान पेट घेतात. काडीएवढ्या जाडीच्या काटक्या ओंजळभर, मग पेन्सिलएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या, असं आधीच वेगवेगळं करून शेजारी ठेवा, आणि तुम्हाला पुरेल असं वाटतं त्याच्या दुप्पट गोळा करा, खरंच लागतं. जमीन ओली असेल तर खाली जाड काटक्यांचा पाया घाला नाहीतर वाफेनेच आग मरते. हवा खेळायला मधे पोकळी ठेवा. ज्या बाजूने वारा येतोय त्या बाजूने आणि खालून पेटवा म्हणजे वारा ज्योत आत ढकलतो. फुंकर घालायची ती निखारा दिसल्यावर, नुसत्या ज्योतीवर नाही, ज्योतीवर फुंकलं की विझते.

काड्या सादळल्या असतील तर? गुल कडक असेल, नुसता ओलसर असेल तर पसरून सावलीत वाऱ्यावर किंवा उन्हात वाळवा, शर्टाच्या आतल्या कोरड्या खिशात ठेवा, वेळ द्या. आगीजवळ किंवा तापलेल्या तव्यावर ठेवून घाई करू नका, पेट घेतील. आणि गुल मऊ होऊन बोटाला रंग लागत असेल, भुगा होत असेल तर त्या काड्या गेल्या असं समजा, कारण पोटॅशियम क्लोरेट पाण्यात विरघळतं, ते वाहून गेलं की वाळवून काय परत येणार. सरसही पाण्याने फुगतो आणि मऊ पडतो. अशा काड्या पट्टीवर ओढून बघायचा मोह टाळा, पट्टी खराब होते.

आता काडी कुठे ओढायची नाही तेही तितक्याच जोरात सांगतो, कारण आपत्कालीन म्हटलं की लोक घरातही काडी काढतात. भूकंपानंतर, पूर ओसरल्यावर, स्फोटानंतर, घरात शिरताना प्रकाशासाठी काडी कधीच नाही, टॉर्च घ्या आणि तोही बाहेरच सुरू करून आत जा. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, आपण उभे असतो तेव्हा नाकाला कमी लागतो, आणि हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गेला तरी भडकायला पुरतो. वास आला तर काडी नाही, लाईटचं बटण नाही, दारं-खिडक्या उघडून बाहेर. दुसरं म्हणजे तंबूत, बंद खोलीत, गाडीत शेकोटी किंवा निखाऱ्याची शेगडी नको, कार्बन मोनॉक्साईडला ना वास ना रंग, माणूस झोपेतच जातो आणि दरवर्षी जगात कुठे ना कुठे अशी माणसं जातात, फार वाईट वाटतं वाचून.

आणि जंगल. जिथे आग लावायला मनाई आहे तिथे जिवावर बेतल्याशिवाय काडी ओढायची नाही. वाळलेल्या गवतात तर काडी खाली टाकायचीच नाही. चांगल्या काडीचं लाकूड अमोनियम फॉस्फेटच्या पाण्यात भिजवलेलं असतं म्हणून ज्योत विझल्यावर ती धुमसत राहत नाही, पण सगळ्याच काड्यांना ते नीट केलेलं असेल याची खात्री कुणी द्यायची. विझवलेली काडी बोटांनी मोडून बघा, मोडायला हात लावता आला म्हणजे गार झाली, मग खिशात ठेवून परत आणा. शेकोटीवर पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता, आणि राखेजवळ हाताची मागची बाजू नेऊन बघा, ऊब लागत असेल तर अजून विझलेली नाही.

घरच्या किटमधली डबी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी वर, शेगडीपासून, रॉकेलपासून, सॅनिटायझरच्या बाटलीपासून लांब. डबीवर भरल्याची तारीख लिहा. ऋतू बदलला की उघडून एक काडी, त्याच डबीतली, त्याच पट्टीवर ओढून बघा. पहिल्या झटक्यात पेटली तर ठीक, फुसफुसली तर सगळ्या काड्या आणि पट्ट्या घरच्या वापराला काढून नवीन भरा. आणि हो, एकदा हात गार पाण्यात थोडा वेळ बुडवून मग ते झाकण उघडायचा प्रयत्न करा, बधिर बोटांनी उघडत नसेल तर ती डबी बदला, आत काड्या कितीही कोरड्या असोत.

संपादक साहेब, तुम्ही पुढच्या वेळी आपत्कालीन किटची यादी छापाल तेव्हा त्यात नुसतं काडेपेटी न लिहिता एवढं लिहावं ही विनंती: घट्ट आट्याच्या झाकणाच्या डबीत काड्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या दोन सुट्या पट्ट्या आणि मेणबत्तीचा एक तुकडा. जागा कमी असेल तर बाकीचं पत्र कापलं तरी माझी हरकत नाही, पट्ट्यांचं मात्र राहू द्या.

आपला,
एक नियमित वाचक